लेकरांना वाचून दाखवा

वाचनासाठी : नहेम्या ८:१-८

पाणीवेशीपुढील चौकात एज्राने पहाटेपासून दोन प्रहरापर्यंत नियमशास्त्र वाचले. पुरुष, स्त्रिया आणि ऐकून समजण्याइतकी जाण असलेले सर्वजण तेथे होते. लेव्यांनी अर्थही उलगडून सांगितला. ग्रंथ थोड्यांच्या हाती होता. पण मोठ्याने वाचल्यामुळे तो सर्वांना मिळाला.

आता भोपाळच्या अशोका गार्डनसारख्या वस्तीतील आपल्या मराठी लेकरांचा विचार करू. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, खेळगडी हिंदी बोलणारे. लिपी देवनागरीच असल्यामुळे मराठी पुस्तक दिले तर मूल अक्षरे लावते आणि आपण समाधान मानतो. परंतु ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ लिहिण्यात एक, उच्चारात निराळा. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतील फरक हिंदी वळणाच्या जिभेला सहज साधत नाही. हे डोळ्यांना कळत नाही, कानांनीच शिकावे लागते. नाहीतर नातवंड आजीचे पत्र वाचील, पण आजीशी बोलताना अडखळेल.

पंडिता रमाबाईंना त्यांच्या आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत तोंडीच शिकविले, हे मातांनी ध्यानात ठेवावे.

मग काय करावे?

१. रोज निजण्यापूर्वी दहा मिनिटे मराठी गोष्ट वाचून दाखवा. मुलाने तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा वाचा. शब्द असेच मुरतात.

२. मध्येच थांबून “पुढे काय झाले असेल?” असे विचारा. परीक्षा मात्र घेऊ नका.

३. संडे स्कूलच्या कपाटाचे कुलूप काढा. भोपाळच्याच दुर्गानगर वस्तीत २०१६ साली तिसरीतल्या एका मुलीने घराबाहेर पुस्तके मांडून मुलांसाठी वाचनालय चालविले. मुले पुस्तके घरी नेत आणि वाचून परत आणीत. आपणही एक वही ठेवून तसे करू शकतो. पुस्तक फाटेल या भीतीने ते कपाटात ठेवले, तर वाळवीच ते वाचील.

४. हिंदी पुस्तकांना नाही म्हणू नका. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने १९८५ साली ‘चकमक’ हे हिंदी बालमासिक सुरू केले. आपल्या मराठी मिशनचा ‘बालबोधमेवा’ तर १८७३ सालचा. वाचनाची गोडी एका भाषेत लागली की दुसरीतही उतरते.

वर्गात चर्चेसाठी :
(अ) आपल्या घरी मुलाच्या हाताला लागतील अशी मराठी पुस्तके किती आहेत?
(आ) ज्या घरी वाचून दाखवणारे कोणी नाही, त्या मुलाला आपल्यापैकी कोण वाचून दाखवील?