स्तनाच्या गाठीवर शीतोपचार : कोणासाठी व केव्हा

स्तनाच्या कर्करोगाची गाठ कापून न काढता, जागच्या जागी गोठवून नष्ट करता येते. अशा बिनटाक्याच्या उपचाराविषयी ऐकून रुग्णाच्या कुटुंबास आशा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याची मर्यादाही समजून घ्यावयास हवी.

या उपचारास ‘क्रायोअब्लेशन’ म्हणतात. तेवढीच जागा बधिर करून सोनोग्राफीच्या साहाय्याने एक बारीक सुई गाठीत नेतात. द्रव नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूने सुईचे टोक अतिशीत केले जाते. गोठविणे, वितळू देणे व पुन्हा गोठविणे या क्रमाने पेशी फुटतात व त्यांचा रक्तपुरवठा खंडित होतो. मृत भाग शरीर हळूहळू शोषून घेते.

‘आइस-३’ या अमेरिकेतील अभ्यासात ६० वर्षे व त्यापुढील १९४ स्त्रियांवर हा उपचार झाला. त्यांची गाठ १.५ सेंटिमीटरपर्यंतची, म्हणजे साधारण शेंगदाण्याएवढी, व कमी धोक्याची होती. पाच वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण ४.३ टक्के आढळले. मात्र गाठ बाहेर काढली जात नसल्याने तिच्या कडा तपासता येत नाहीत. म्हणून सुईने तुकडा घेऊन केलेली पूर्वतपासणी अनिवार्य ठरते. मोठ्या किंवा काखेत पसरलेल्या रोगास हा शस्त्रक्रियेचा पर्याय नव्हे.

शीतोपचार आपल्या जिल्ह्यास अगदीच नवा नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. कर्करोगपूर्व दोष आढळलेल्या अनेकींवर शीतोपचार झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, नेहमीच्याच सेवेवर असलेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे झाले. रोग निराळा असला तरी धडा एकच : दोष लवकर सापडला, तरच सौम्य उपचार पुरतो.

स्तनातील गाठ बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती अंगावर काढली जाते. मुरुम परिसरातील भगिनींनी गाठ लागताच डॉक्टरांना दाखवावी, आणि सुचविलेली शस्त्रक्रिया नव्या उपचाराच्या प्रतीक्षेत लांबवू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. देणगीदारांचा रुपयाही महागड्या यंत्राआधी तपासणीवर खर्च व्हावा, असे आम्हांस वाटते. कारण वेळेवर न सापडलेल्या गाठीस ही सुई उपयोगाची नाही.