‘शीळ’ गाण्याआधी

बेटा, कोजागिरीला तू ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ म्हणणार, हे ऐकून फार बरं वाटलं. कवी मेहकरचे, म्हणजे आपल्याच विदर्भातले. जी. एन. जोशींनी ही कविता १९३०च्या दशकात गायली आणि मराठी भावगीताची वाट तिथून रुंदावली. तबकडीच्या एका बाजूवर तेव्हा जेमतेम तीन मिनिटं मावत. आलाप घोळवायला जागाच नव्हती, सगळा भार शब्दांवर.

म्हणून आधी पेटी उघडूच नकोस. चार दिवस कविता मोठ्यानं वाच. अर्थ जिथे विसावतो तिथे पेन्सिलीनं बारीक रेघ मार. श्वास तिथेच घ्यायचा. सम गाठायच्या घाईत शब्द मधेच तोडायचा नाही.

सगळ्यात जास्त घोटायचा तो ‘ळ’. आपल्या झाडीबोलीत डोळ्याचा ‘डोरा’ होतो, शाळेची ‘सारा’. ती आपली मायबोली आहे, घरात खुशाल तशीच बोल. पण इथे ‘शीळ’ची ‘सीर’ झाली तर गाण्याचा जीवच गेला. जीभ मागे वळवून टाळूला लाव आणि लगेच सोड. सूर ‘शी’मधल्या ईकारावर लांबवायचा, ‘ळ’ शेवटी नुसता टेकवायचा. त्याच्यावर सूर धरून बसलीस की गळा आवळतो. मी आरशासमोर बसून महिनाभर एवढंच केलं होतं. ‘ण’चंही तसंच, त्याचा ‘न’ होऊ देऊ नकोस.

लहानपणापासून तू दंडार ऐकत आलीस. उघड्यावर बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकायचा, हे तुझ्या अंगात मुरलंय. ती ताकद जप. पण भावगीत शेजारी बसलेल्या एकाच माणसाला सांगायचं असतं. माईक वीतभर लांब ठेव आणि आवाज निम्मा कर. रेकॉर्डची पट्टी धरू नकोस, ती पुरुषाच्या गळ्याची. काळी चारवर म्हणून बघ. खालचे शब्द पुटपुटल्यासारखे आले तर एक पट्टी वर जा. तबलजीला आधीच सांगून ठेव, लग्गी नको, साधा ठेका हवा.

हे जमलं की कवी अनिलांचं ‘अजुनी रुसून आहे’ घेऊ. कुमार गंधर्वांनी गायलेलं दोनदाच ऐक. जास्त ऐकलंस तर त्यांच्या जागा तुझ्या गळ्यात बसतील आणि कविता तुझी होणार नाही.

रविवारी ये. वही आण, तुझ्या रेघा कुठे पडल्यात ते मला बघायचंय.