सेपल्ट्सफील्ड : बरोसातील जुना द्राक्षमळा आणि त्याचा परिसर

सेपल्ट्सफील्ड ही दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यातली जुनी वाइन इस्टेट ॲडलेडच्या ईशान्येला, गाडीने तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. उपनगरी रेल्वे गॉलरपर्यंतच जाते, म्हणून स्वतःची गाडी किंवा टूरची बस हाच सोयीचा मार्ग. प्रशियातल्या सायलेशिया प्रांतातून आलेल्या जोसेफ सेपल्ट यांनी 1851 मध्ये ही जमीन घेतली. त्यांचा विचार तंबाखू पिकवण्याचा होता. तो फसला आणि द्राक्षवेल लागले.

ॲडलेडमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे नव्या मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगतात : हे ठिकाण ‘पिणाऱ्यांचे’ म्हणून टाळू नये. भारतातून आलेल्या आईवडिलांना न्यावे की नाही, हा संकोच बहुतेकांना पहिल्या वेळी होतो. प्रत्यक्षात तिथे दगडी इमारती, बागा, हिरवळ, उपाहारगृह आणि जुन्या तबेल्यांत थाटलेली हस्तकलेची कार्यशाळा आहे. काच फुंकणारे, चामडे शिवणारे कारागीर काम करताना दिसतात. वाइनची चव देण्याच्या जागेला सगळे ‘सेलर डोअर’ म्हणतात. तिथे नको म्हटले की विषय संपतो. आपल्याकडच्यासारखा आग्रह होत नाही. मुलांना आत नेता येते, मात्र 18 वर्षांखालील कोणालाही वाइन दिली जात नाही.

इस्टेटकडे येणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा खजुराच्या जातीची उंच झाडे आहेत, कॅनरी बेटांवरची. 1930 च्या दशकातील महामंदीत वाइनचा खप बसला, तेव्हा सेपल्ट कुटुंबाने मजुरांना घरी न पाठवता ही झाडे लावण्याच्या कामाला लावले. दुष्काळी कामे ऐकून माहीत असलेल्या मराठी माणसाला यामागचा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. याच रस्त्यालगतच्या टेकडीवर ग्रीक देवळाच्या धाटणीचे सेपल्ट कुटुंबाचे समाधिस्थान आहे. तिथून खालचे मळे एका नजरेत दिसतात. पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी गाडीतूनच पाहिलेले बरे.

सर्वांत पाहण्याजोगी जागा म्हणजे शतकी पिंपांचे कोठार. जोसेफ यांचे चिरंजीव बेनो सेपल्ट यांनी 1878 मध्ये पोर्ट पद्धतीच्या वाइनचे 500 लिटरचे पिंप भरून ठेवले आणि ते शंभर वर्षे विकायचे नाही असे ठरवले. तेव्हापासून दरवर्षी एक साठा ठेवला जातो. पहिले पिंप ठरल्याप्रमाणे 1978 मध्ये उघडले. कोठारात पिंपे सालवार ओळीने आहेत आणि प्रत्येकावर साल लिहिलेले आहे. लाकडातून पाणी आणि अल्कोहोल हळूहळू उडत राहते, त्यामुळे शंभर वर्षांनी पिंपात मूळ मापाचा थोडाच भाग उरतो. तो काकवीसारखा दाट आणि जवळजवळ काळा असतो. पेल्याच्या काचेला त्याचा तपकिरी ओघळ चिकटून राहतो. आगाऊ नोंदणी केली तर स्वतःच्या जन्मसालाच्या पिंपातली घोटभर वाइन चाखायला मिळते. साठीशांतीला आलेल्या वडिलांसाठी ही भेट मुले हौसेने ठरवतात. एवढ्यासाठी दर जास्त वाटतो खरा, पण याला पर्याय दुसरीकडे सहसा मिळत नाही.

1888 मध्ये उभारलेली वाइनरी उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली आहे. द्राक्षे वरच्या टप्प्यावर येतात आणि रस गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतो. पंपाची गरज कमीत कमी राहावी, अशी ती रचना आहे.

कधी जावे, हे ऋतू उलटे असल्याने नीट पाहावे लागते. तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. एप्रिल-मे महिन्यांत पाने पिवळी-तांबडी होतात. बागेसाठी हाच काळ उत्तम. जुलैत गेल्यास नुसती खोडे दिसतात. नाशिक-सांगलीकडच्यांना याचे नवल वाटते, कारण तिकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात आणि वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. बरोसात हिवाळ्यात वेल पानगळ करून विसावतो आणि छाटणी तेव्हा एकदाच होते. मांडवही दिसत नाही. वेल बुटके, तारेवर नाहीतर मोकळेच वाढवलेले.

मळ्यात शिरून फोटो काढायचा मोह आवरावा. फायलोक्सेरा नावाची मुळे खाणारी सूक्ष्म कीड व्हिक्टोरियात आहे, मेलबर्नजवळच्या यारा खोऱ्यात ती 2006 मध्ये सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती पोहोचलेली नाही. म्हणूनच बरोसात शंभरीपार केलेले वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम करतात, तसे या वेलांचे केलेले नाही. ही कीड बुटाला लागलेल्या मातीतून फिरते. यारा पाहून आलेल्यांनी तेच बूट घालून ओळीत पाऊल टाकू नये. फळांचेही तसेच : सिडनीकडून स्टर्ट हायवेने येताना याम्बा येथे तपासणी नाका लागतो. फळमाशीच्या बंदोबस्तासाठी ताजी फळे तिथेच टाकावी लागतात, नाहीतर दंड होतो. डब्यातली केळीही त्यात आली.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक विचारून घ्यावे. वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातले केसीन किंवा माशाच्या फुग्यापासून काढलेले आयझिंग्लास वापरतात. अंडे किंवा दूध वापरले तर ऑस्ट्रेलियात लेबलवर लिहावे लागते. आयझिंग्लासला मात्र सूट आहे. बाटलीवर ‘व्हीगन’ असेल तर प्रश्न मिटतो, नसेल तर सेलर डोअरवर विचारावे. असे प्रश्न तिथे रोजचे आहेत.

गाडी चालवणाऱ्याने चाखलेली वाइन बादलीत थुंकली तर ते असभ्य मानत नाहीत. जाणकारही तेच करतात. पूर्ण परवानाधारकाच्या रक्तात अल्कोहोलचे प्रमाण 0.05 पेक्षा कमीच असावे लागते आणि पी-प्लेट लावणाऱ्या नव्या चालकांना शून्याची मर्यादा आहे. पोर्टसारखी वाइन साधीपेक्षा बरीच कडक असते, हे लहान पेल्यामुळे लक्षात येत नाही. पोलीस वाटेत कुठेही थांबवून श्वास तपासतात. एकाने मुळीच न पिण्याचे घरूनच ठरवून निघावे.

बाटली भारतात न्यायची असेल तर प्रौढ प्रवाशाला मद्याची शुल्कमुक्त मर्यादा 2 लिटर आहे. सेलर डोअरवरून घेतलेली बाटली कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेतच टाकावी लागते.