नेत्रदान आणि संसर्गप्रतिबंध

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या कारखानदारीच्या पट्ट्यात आम्ल, चुना किंवा धातूचा कण डोळ्यात जाण्याचा धोका कामगारांना नेहमीच असतो. अशा इजेने बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजेच नेत्रपटल, पांढरे पडून दृष्टी जाऊ शकते. १९०५ साली आजच्या झेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी ज्याच्या डोळ्यावर नेत्रपटलरोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तोही चुन्याने डोळे भाजलेला एक मजूरच होता.

हे नेत्रपटल मृत दात्याकडून मिळते. म्हणून दात्याचा रोग रुग्णाकडे जाणार नाही, याची दक्षता घेणे अगत्याचे ठरते.

इतिहासाचा धडा

१९७८ साली अमेरिकेत नेत्रपटलरोपण झालेली एक रुग्ण रेबीजने दगावली. दात्याचा मृत्यूही रेबीजनेच झाला होता, हे नंतर उघड झाले. एकाच दात्याची नेत्रपटले बसविलेले दोन रुग्ण रेबीजने मरण पावल्याची नोंद १९८८ साली भारतातूनही झाली. दात्याच्या रक्ताच्या नेहमीच्या चाचण्यांत रेबीज कळून येत नाही. तेथे आप्तांनी दिलेली खरी माहिती हाच मुख्य आधार असतो.

नेत्रपेढीतील दक्षता

दात्याच्या रक्ताचा नमुना घेऊन एचआयव्ही, कावीळ 'ब' व 'क' आणि उपदंश यांची तपासणी केली जाते. रेबीज, रक्तातील जंतुदोष किंवा अज्ञात कारणाने मृत्यू झाला असल्यास नेत्रपटल रोपणासाठी वापरीत नाहीत. डोळे काढण्यापूर्वी ते पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणाने निर्जंतुक करतात. त्यानंतर नेत्रपटल प्रतिजैविकयुक्त द्रावणात शीत तापमानात ठेवतात. एम. के. नावाच्या द्रावणात ते सुमारे चार दिवस टिकते. रोपणापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पाहणी होते.

कुटुंबाने काय करावे?

मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत डोळे काढले जावेत, म्हणून नेत्रपेढीला विनाविलंब कळवावे. मृताच्या पापण्या मिटून त्यावर स्वच्छ, ओला कापूस ठेवावा. पंखा बंद करून डोक्याखाली उशी द्यावी. मृत्यूचा दाखला व औषधोपचाराचे कागद हाताशी ठेवावेत.

पथकातील व्यक्ती काही प्रश्न विचारील. अलीकडे कुत्रा चावला होता काय? ताप, झटके वा बेशुद्धी होती काय? कावीळ झाली होती काय? शोकाच्या घटकेला हे प्रश्न आणि रक्ताचा नमुना देणे जिवावर येते. काहींना त्यात मृताचा अवमानही वाटतो. परंतु विचारणारा मृताच्या चारित्र्याची चौकशी करीत नसतो. ज्याच्या डोळ्यात ते नेत्रपटल बसणार आहे त्याच्या जिवाची तो काळजी वाहत असतो. दान नाकारले जाईल या भीतीने एखादी गोष्ट लपविणे हे त्या अनोळखी रुग्णाच्या प्राणाशी खेळणे होय. रोपणासाठी अयोग्य ठरलेले काही डोळे कुटुंबाच्या संमतीने संशोधन व शिक्षणासाठीही उपयोगी पडू शकतात.

नेत्रदानाचा संकल्प घरातील सर्वांना सांगून ठेवावा आणि त्याबरोबर आपल्या आजारांची माहितीही. दान निर्दोष असेल, तरच ते दृष्टिदान ठरते.