कात्रीतून आलेला शहजादा

मुलांनो, अलिफ लैलाच्या गोष्टी तुम्ही घरी ऐकल्या असतील. मराठीत त्यांना ‘अरबी सुरस कथा’ म्हणतात. या गोष्टींमधला शहजादा अहमद आणि उडणारा घोडा १९२६ साली पडद्यावर आले. ते आले कात्री आणि काळ्या पुठ्ठ्यातून!

हा चित्रपट लोटे रायनिगर या जर्मन बाईंनी तयार केला. लहानपणापासून त्यांना कागद कापून आकृती करण्याचा छंद होता. १९२३ साली जर्मनीत महागाई भडकली होती. पैशाची किंमत रोज घसरत होती. म्हणून लुई हागेन नावाच्या बँकमालकाने कोरी फिल्म विकत घेऊन ठेवली होती. ती फिल्म त्यांनी रायनिगरबाईंना देऊ केली आणि पॉट्सडॅम येथे आपल्या गॅरेजच्या वर कामाची जागाही दिली. त्या काळी चलत्‌चित्रे काही मिनिटांचीच असत. एवढ्या लांबीचे चित्र लोक बसून पाहतील का, याची खात्री नव्हती. तरी बाईंनी काम हाती घेतले.

पात्राचे डोके, हात, पाय वेगवेगळे कापायचे आणि तारेने सांधे जोडायचे. ही आकृती काचेच्या टेबलावर ठेवायची. खाली दिवा, वर कॅमेरा. हात किंचित हलवायचा, एक चित्र घ्यायचे. पुन्हा किंचित हलवायचा, पुन्हा एक चित्र. एका मिनिटाच्या दृश्यासाठी हजाराहून अधिक चित्रे लागत! बाईंचे पती कार्ल कोख कॅमेरा सांभाळत. सुमारे ६५ मिनिटांच्या चित्रपटाला तीन वर्षे लागली.

आज संगणकावर चूक क्षणात पुसता येते. तेव्हा काम कसे झाले, हे फिल्म धुतल्यावरच कळे. संगणकाच्या चित्रांत सफाई जास्त असते, हे खरे. पण या काळ्या आकृत्यांना चेहऱ्यावरचे भाव नसूनही शहजाद्याचे दुःख त्याच्या झुकलेल्या मानेवरून कळते. मला तरी ती मान विसरता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वर्गाने जुन्या लग्नपत्रिका कापून एक घोडा केला. सांध्यांना दोरा बांधला आणि माझ्या मोबाइलवर फोटो काढले. साठ फोटो झाले असतील, तोच पंख्याच्या वाऱ्याने घोड्याचा पाय उडाला. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मग एकाने उठून पंखा बंद केला आणि घाम पुसत सगळ्यांनी पहिल्या फोटोपासून पुन्हा सुरुवात केली.