दिवाणखान्यातील टीव्हीची भिंत : एक अभ्यास

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मैत्रिणींनी कविता काढल्या, कोणी सहलीचे वर्णन लिहिले. माझ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. माझ्याजवळ होती ती एक भिंत. आणि तीही आमच्या घरातली नव्हे, तर एका परक्याच्या दिवाणखान्यातली. विषय ऐकून आमचे सर हसले. पण ‘जे माहीत आहे तेच लिही,’ असेही म्हणाले. त्या आधारावर हे धाडस करीत आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

माझे वडील सुतारकाम करतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. आकडे आणि सही यांपलीकडे लिहिण्याचा त्यांना कंटाळा आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा टीव्हीच्या भिंतीने व्यापला आहे. टीव्ही, त्याच्यामागचे पॅनेल, खालची कपाटे, बाजूचे कप्पे आणि दिवे हे सारे एकजीव करून भिंतीलाच जडवायचे, असे या कामाचे स्वरूप असते. शहरातले गिऱ्हाईक आता ‘कागदावर दाखवा’ म्हणते. कागद नसल्यामुळे आप्पांच्या हातून दोन-तीन कामे गेलेली मी पाहिली आहेत. यास्तव हा विषय माझ्या दृष्टीने निव्वळ सजावटीचा नाही.

ही भिंत आली कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंग आले. १९८७ मध्ये रामायण मालिका सुरू झाली, तेव्हा शेजारच्या घरी जाऊन बसणाऱ्यांची गर्दी कशी होई, हे आमच्या आईवडिलांच्या पिढीला आठवते. त्या काळचा संच म्हणजे एक पेटारा होता. काचेच्या नळीमुळे तो मागे लांबवर फुगलेला असे. त्याला ठेवायला जागा लागे, टांगता येत नसे. आप्पा उमेदवारी करीत होते तेव्हा शोकेसमध्ये त्याच्यासाठी दोन फूट खोलीचा खण ठेवीत. उरलेल्या कप्प्यांत बाहुल्या, कपबश्या आणि मुलांची बक्षिसे. संच चपटा झाला आणि दोन फुटांची गरज दोन-तीन इंचांवर आली. शोकेस निघाली, संच भिंतीवर चढला. पण उघड्या भिंतीवर लोंबणाऱ्या वायरी कोणाला आवडतात? त्या झाकायला पॅनेल आले, पॅनेलला शोभा म्हणून उभ्या खाचांच्या पट्ट्या आल्या, पट्ट्यांमागून दिवे आले. म्हणजे, माझ्या मते, या साऱ्या थाटाचे मूळ दोन वायरींत आहे.

आता मूळ गोष्टीकडे वळते. गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी सांगलीतल्याच एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे काम आले. नवराबायको, दोन मुले आणि आजी, असे कुटुंब. भिंत १० फूट रुंद, सोफा तिच्यापासून ९ फुटांवर. संच ५५ इंची, आधीच घेतलेला. (हे ५५ इंच पडद्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात; प्रत्यक्षात तो ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच भरतो. आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे लोक ५५ ही रुंदीच समजतात.) अंतराला तो योग्यच होता. पडद्याच्या तिरक्या मापाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर बसावे, असा साधारण हिशोब आहे. ९ फूट म्हणजे १०८ इंच, त्याला ५४ ते ७२ इंचांपर्यंतचा संच चालतो.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आम्हांला प्रमाणबद्ध नकाशा शिकवतात. त्याच विद्येवर मी आलेखाच्या कागदावर एकास वीस प्रमाणात भिंत काढली. १० फूट भिंत कागदावर बरोबर ६ इंच झाली. पट्ट्या, कप्पे, दिवे, सारे काढले. मोबाइलवरच्या चित्राप्रमाणे संचाभोवती त्याच्याच मापाचा कोनाडा केला, म्हणजे संच जणू भिंतीतच उगवल्यासारखा दिसावा. गिऱ्हाइकाने कागद पाहिला आणि काम तिथल्या तिथे ठरले. आप्पांनी तो कागद घडी न घालता, दप्तरासारखा छातीशी धरून घरी आणला. त्या दिवशी मला काय वाटले, ते येथे लिहीत नाही.

चूक त्या कागदातच होती. पडद्याचा मध्य किती उंचीवर असावा, हे ठरवताना मी भिंतीसमोर उभी राहिले आणि टेपने माझ्या डोळ्यांची उंची मोजली : ४ फूट ९ इंच, म्हणजे ५७ इंच. तीच रेघ कागदावर मारली. टीव्ही उभे राहून कोण बघतो, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. आप्पांना सुचला असता. पण त्यांनी पोरीच्या कागदावर विश्वास टाकला.

काम सुरेख झाले. पंधरा दिवसांनी फोन आला. त्या घरातल्या आजी सोफ्यावर बसतच नाहीत. जन्मभराच्या सवयीने त्या खाली चटईवर बसतात, भाजी निवडतात आणि संध्याकाळच्या मालिका बघतात. त्यांची मान दुखायला लागली होती. मुलेही जमिनीवर लोळूनच बघत. आम्ही गेलो तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसते मान वर करून दाखवले आणि मानेवर हात ठेवला. आप्पांनी टेप काढली. जमिनीपासून आजींच्या डोळ्यांपर्यंत २७ इंच भरले. सोफ्यावर बसलेल्या मुलाच्या वडिलांचे ४२ इंच. मध्य ५७ वर!

घरी येऊन मी कोन मोजले. सोफ्यावरून पडद्याच्या मध्याकडे पाहताना नजर सुमारे ८ अंश वर जात होती. आजींची १५ अंशांहून अधिक, आणि पडद्याच्या वरच्या कडेकडे तर २२ अंश. एखाद्या मिनिटाला त्याचे काही वाटत नाही. रोज दोन तास वाटते. सुधारणा करायची म्हणून नुसता संच खाली घ्यावा, तर कोनाडा आडवा आला. त्याच्याच मापाचा केलेला; तो खाली सरकणार कसा? अखेर पॅनेल उतरवावे लागले. प्लायच्या दोन शीट, सनमायकाच्या तीन आणि चार दिवसांची मजुरी गेली. आप्पांनी गिऱ्हाइकाकडून एक रुपया घेतला नाही. मला रागावतील म्हणून मी वाट पाहिली. ते एवढेच म्हणाले, “कागद बरा हाय गं. पण त्यात माणसं कुठं हायती?”

दुसऱ्या खेपेला मी कागदावर आधी माणसे काढली : सोफ्यावर दोन, चटईवर एक, लोळणारी दोन. मध्य ४० इंचांवर आणला. सोफ्यावरच्या नजरेला तो जवळजवळ समोर, किंचित खाली; आजींना १३ इंच वर, म्हणजे सुमारे ७ अंश. पडद्याची खालची कड साडेसव्वीस इंचांवर आली. खालचे कपाट जमिनीपासून ८ इंच वर टांगून १० इंच उंचीचे केले, म्हणजे खालून फरशी पुसता येते आणि कपाटाच्या माथ्यावर साडेआठ इंच मोकळे राहतात. मोबाइलवरची बहुतेक चित्रे संच उंच दाखवतात, कारण तेथे खोली रिकामी असते आणि चित्र काढणारा उभा असतो. परदेशी पुस्तके सोफ्याची उंची धरून चालतात. आपल्या घरांत मात्र सोफा, दिवाण आणि चटई या तिन्ही उंचींवर माणसे एकाच वेळी बसतात. तेव्हा मध्यम मार्ग काढावा लागतो, आणि तो काढताना तरुणांपेक्षा म्हाताऱ्या मानेला झुकते माप द्यावे, असे मला वाटते.

कोनाडा तर आम्ही कायमचा सोडला. संच सात-आठ वर्षांत बदलतो, लाकूड वीस वर्षे टिकते. आजचा ५५ इंची गेला आणि उद्या दुसऱ्या मापाचा आला, की कोनाडा एक तर अपुरा पडतो किंवा पोकळ दिसतो. त्याऐवजी सपाट पॅनेल करावे. त्याच्यामागे मधल्या चार फुटांत १८ मिलिमीटरचा प्लाय सलग बसवावा, म्हणजे पुढच्या संचाची पट्टी कोठेही स्क्रूने आवळता येते.

आता भिंतीच्या पोटातल्या गोष्टी. दिसत नाहीत म्हणून लोक त्या शेवटी ठरवतात. वस्तुतः त्या आधी ठरवायच्या असतात. फ्लॅटमधल्या आतल्या भिंती पुष्कळदा अर्ध्या विटेच्या, साडेचार इंची असतात. तीत वायरीसाठी खोल खाच खोदणे म्हणजे भिंत अशक्त करणे. आणि आडवी लांब खाच तर कधीच खोदू नये. त्यापेक्षा पॅनेलच भिंतीपासून दोन इंच पुढे, लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर घ्यावे आणि त्या पोकळीतून पाइप न्यावेत. विजेची वायर एका पाइपात, चित्राची आणि इंटरनेटची दुसऱ्यात. हा दुसरा पाइप दोन इंची असावा. एचडीएमआय वायरीचे तोंड पाऊण इंचाहून थोडे रुंद असते. एक इंची पाइपाच्या कोपऱ्यात ते हमखास अडकते. वायरमनने अशी अडकलेली वायर ओढताना आतल्या आत तोडलेली मी पाहिली आहे. पाइपात एक रिकामी नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. पाच वर्षांनी नवी वायर ओढताना जो कोणी असेल तो दुवा देईल. संचामागचा सॉकेट पट्टीच्या मागे येऊ देऊ नये आणि त्याचे बटण खाली, हाताला लागेल असे ठेवावे.

भिंत विटेची, काँक्रीटची की हलक्या सिमेंट-ब्लॉकची, हेही ठोकून पाहावे. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लग हळूहळू सैल होतो. तेथे त्या ब्लॉकसाठीच मिळणारे लांब प्लग वापरावेत किंवा भार सांगाड्यावर वाटून द्यावा.

उष्णता हा दुसरा शत्रू. सेट-टॉप बॉक्स बंद कपाटात कोंडला की तापतो. शिवाय त्याच्या साध्या रिमोटचा किरण लाकडातून जात नाही, त्यामुळे घरातली मुले कपाटाचे दार कायम उघडे टाकतात आणि एवढ्या खर्चाने झाकलेला पसारा पुन्हा उघडा पडतो. दाराला जाळी किंवा काच द्यावी आणि मागल्या फळीला हवेची भोके पाडावीत. खिडकीविषयी एकच सांगते : ती संचाच्या समोर नको, पाठीमागेही नको, बाजूला हवी.

लाकडाच्या निवडीत मात्र मी आप्पांचीच शिष्य आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या सांगलीत शिरले तेव्हा मी सातवीत होते. पाणी ओसरल्यावर आप्पांबरोबर गावभागातल्या काही घरी गेले होते. एमडीएफची आणि भुशाच्या फळ्यांची युनिटे ओल्या पावासारखी फुगली होती. बोट लावले की चुरा हातात येई. मरीन प्लायची (त्याच्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो) काही कपाटे मात्र सावलीत वाळवून, नवी सनमायका लावून पुन्हा उभी करता आली. तेव्हापासून तळमजल्यावरच्या घरात आप्पा जमिनीला टेकणारे युनिट करीत नाहीत. गिऱ्हाइकाने पैशासाठी फार घासाघीस केली, तर ते पट्ट्या कमी करतात, दिवे कमी करतात. प्लायची प्रत उतरवत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर पुराचे भय नसले तरी ओल आणि वाळवी आहेच. पॅनेल चढवण्यापूर्वी भिंतीला हात लावून पाहावा; पलीकडे न्हाणीघर असेल तर दोनदा.

एक लहानशी गोष्ट राहिली. भिंतीवर आधी काय काय होते, याची यादी करावी. त्या घरी आम्ही पॅनेल चढवले आणि आजी म्हणाल्या, “कालनिर्णय कुठं लावायचं?” खिळा पॅनेलखाली गेला होता. आजोबांची तसबीरही उतरवून आतल्या खोलीत पलंगावर ठेवलेली होती, आणि तिच्यासाठी कागदावर जागाच नव्हती. दुसऱ्या खेपेला पॅनेलच्या डाव्या अंगाला दीड फूट भिंत मोकळी सोडली. तेथे तसबीर आली, तिच्याखाली कॅलेंडरचा खिळा आला. प्रमाणबद्धतेच्या दृष्टीने भिंत आता एका बाजूला झुकलेली दिसते. मोबाइलवरच्या चित्रासारखी ती मुळीच दिसत नाही.

पॅनेल दुसऱ्यांदा चढवण्यापूर्वी आप्पांनी त्याच्या पाठीवर, जी आता कोणालाच दिसणार नाही, सुतारी पेन्सिलने एक रेघ मारली आणि तिच्यापुढे लिहिले : ‘४० – आजी’. मग मला म्हणाले, “धर तिकडनं.” मी दुसरी बाजू धरली.