अस्तर लावलेले चेनचे पाकीट : शिवणवर्गासाठी एक पाठ

शिवणवर्गात दाखल झालेल्या विद्यार्थिनीच्या हातून प्रारंभी रुमाल, उशीचा अभ्रा, साधी झोळी अशा वस्तू तयार होतात. या वस्तूंत टीप सरळ आली म्हणजे काम साधले. खरी कसोटी लागते ती चेन लावताना. चेन तिरकी बसणे, सुई मोडणे, अस्तर दात्यांत अडकणे अशा अडचणी एकामागून एक आल्या की शिकणारीचा धीर खचतो आणि 'चेनचे काम आपले नव्हे' असा समज मनात घर करतो. वास्तविक हे काम अवघड नाही. ते क्रमाचे आहे. क्रम चुकला तर कुशल हातही फसतो आणि क्रम सांभाळला तर नवशिकी विद्यार्थिनीही पहिल्याच प्रयत्नात वापरण्याजोगे पाकीट शिवू शकते. हा क्रम समजावून देणे, हाच प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

पाकिटाची परंपरा

आपल्याकडे पैसा-सुपारी जवळ बाळगण्यासाठी बटवा, चंची व कसा ही साधने पूर्वापार चालत आली आहेत. बटव्याचे तोंड नाडीने आवळले जाई, चंचीची घडी दोऱ्याने गुंडाळली जाई. चेन ही त्या मानाने अलीकडची. अमेरिकेत एलायस होवे यांनी १८५१ मध्ये अशा बंदाचे एकस्व घेतले होते. १८९३ मध्ये व्हिटकोम्ब जडसन यांनी आकड्यांचा बंद पुढे आणला. परंतु आजच्या चेनशी जुळणारी दात्यांची रचना गिडियन सुंडबॅक यांनी १९१३ च्या सुमारास सिद्ध केली. 'झिपर' हे नाव मात्र १९२३ मध्ये रबरी बुटांच्या निमित्ताने रूढ झाले. बटव्याला अस्तर लावण्याची रीत जुनीच. नाडीच्या जागी चेन आली, एवढाच फरक पडला.

साहित्य

बाहेरच्या बाजूसाठी मध्यम जाडीचे सुती कापड घ्यावे. घरातील जुन्या साडीचा चांगला भाग, खणाचा तुकडा किंवा गोव्यातील कुणबी साडीच्या धर्तीचे चौकडीचे कापडही उत्तम. चौकडीच्या कापडाचा एक विशेष लाभ असा की, कापण्याची व शिवण्याची रेघ कापडावर आयतीच मिळते. खणाचा पन्हा अरुंद असतो व त्याचे धागे लवकर सुटतात. म्हणून खण वापरताना त्यास मागून पेस्टिंग चिकटवल्याशिवाय कात्री लावू नये. अस्तरासाठी पातळ पण घट्ट विणीचे फिकट रंगाचे कापड निवडावे. आतील अस्तर गडद असले की पाकिटात पडलेले नाणे वा किल्ली चटकन दिसत नाही.

चेन नायलॉनची घ्यावी. कोकण व गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हलक्या प्रतीच्या धातूच्या चेनला गंज चढतो व त्याचे डाग कापडावर उतरतात. शिवाय नायलॉनची चेन कात्रीने हव्या त्या लांबीला कापता येते. शिवणसाहित्याच्या दुकानात ती मीटरवर मिळते व रनर सुटा घ्यावा लागतो.

याखेरीज पेस्टिंग, कापडाच्या रंगाचा पक्का दोरा, टाचण्या, खडू, मापाची टेप, धारदार कात्री, इस्त्री आणि मशीनसाठी १४ क्रमांकाची सुई एवढे साहित्य पुरे. मशीनला एका बाजूचा, म्हणजे चेन लावण्याचा प्रेशर फूट जोडावा. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर, अर्थात इंचास सुमारे १० टाके ठेवावी.

पूर्वतयारी

दोन्ही कापडे कापण्यापूर्वी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावीत. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि प्रत्येक कापड सारखे आटत नाही. न धुता शिवलेले पाकीट दुकानात नवे असताना सुबक दिसते. पण पहिल्या धुण्यानंतर अस्तर आटून बाहेरच्या कापडास सुरकुत्या पडतात. दोष उघडकीस येतो तो ग्राहकाच्या घरी, आणि तेव्हा तो सुधारता येत नाही. रंग पक्का आहे की नाही, हेही याच वेळी पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून फडक्यास रंग लागला, तर ते कापड या कामास घेऊ नये.

बेतणे व कापणे

तयार पाकीट सुमारे २० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच होईल. त्यासाठी पुढीलप्रमाणे तुकडे कापावेत. उंची नेहमी उभ्या धाग्यावर धरावी.

१. बाहेरचे कापड : २२ × १६ सेंमी, २ तुकडे.
२. अस्तर : २२ × १६ सेंमी, २ तुकडे.
३. पेस्टिंग : २० × १४ सेंमी, २ तुकडे.
४. चेनच्या टोकांच्या पट्ट्या : ४ × ३ सेंमी, बाहेरच्या कापडाच्या २ व अस्तराच्या २.
५. चेन : १८ सेंमी.

बाजूंना व तळाला १ सेंमी आणि चेनकडील कडेला ७ मिमी माया या मापांत धरलेली आहे. पेस्टिंग मुद्दाम लहान कापले आहे. ते शिवणीत आले तर कोपरे जाड होऊन नीट उलटत नाहीत. बाहेरच्या तुकड्याच्या उलट बाजूवर मध्यभागी ठेवून ते इस्त्रीने दाबून चिकटवावे. इस्त्री घासू नये, उचलून उचलून ठेवावी.

चेन कापताना एक सावधगिरी आवश्यक आहे. रनर आधी चेनमध्ये ओवून मध्यावर आणावा आणि मगच टोके कापावीत. नंतर दोन्ही टोकांशी दात्यांवर हाताने चार-पाच टाके घट्ट घालावेत. असे न केल्यास पुढील कामात रनर निसटून हातात येतो.

कृती

पायरी पहिली : टोकांना पट्ट्या लावणे. चेन सुलट ठेवून तिच्या टोकावर बाहेरच्या कापडाची पट्टी उलट बाजू वर करून ठेवावी; चेनखाली अस्तराची पट्टी सुलट बाजू चेनकडे करून ठेवावी. चेनचे टोक दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडेल. टोकापासून ७ मिमीवर आडवी टीप घालावी. ही टीप दात्यांवरून जाते. तेथे पायडल न मारता हातचाक फिरवून एकेक टाका घ्यावा. मग दोन्ही पट्ट्या बाहेरच्या दिशेस उलटवून कडेलगत दाबटीप मारावी. दुसरे टोकही असेच करावे. पट्ट्यांसह चेन सुमारे २३ सेंमी भरेल. दोन्हीकडून सारखे कापून ती बरोबर २२ सेंमी करावी. या पट्ट्यांमुळे बाजूची शिवण दात्यांवरून जात नाही, सुई मोडत नाही आणि पाकिटाचे वरचे कोपरे चौकोनी येतात.

पायरी दुसरी : पहिली बाजू जोडणे. बाहेरचा एक तुकडा सुलट बाजू वर करून ठेवावा. त्याच्या वरच्या कडेवर चेन पालथी ठेवावी. तीवर अस्तराचा तुकडा उलट बाजू वर करून ठेवावा. तिन्ही कडा एका रेषेत आणून टाचण्या लावाव्यात. नवशिक्यांनी कच्चा धावदोराही घालावा. कडेपासून ७ मिमीवर टीप मारावी. टीप रनरजवळ आली की तिरकी होऊ लागते. अशा वेळी सुई कापडात रुतलेली ठेवून प्रेशर फूट उचलावा, रनर मागे सरकवावा, फूट खाली आणून पुढे शिवावे. चेन वाकडी बसण्याचे मुख्य कारण ही एक पायरी गाळणे, हेच असते.

पायरी तिसरी : दाबटीप. बाहेरचे कापड व अस्तर चेनपासून दूर उलटवून माफक उष्ण इस्त्री फिरवावी. इस्त्री दात्यांवर नेऊ नये, नायलॉन वितळते. नंतर घडीपासून ३ मिमीवर दाबटीप घालावी. तीत बाहेरचे कापड, चेनची फीत व अस्तर ही तिन्ही यावीत. ही टीप शोभेसाठी नाही. ती अस्तराला दात्यांपासून दूर बांधून ठेवते. जे पाकीट उघडताना दर वेळी अडते, त्यात बहुधा हीच टीप नसते.

पायरी चौथी : दुसरी बाजू. चेनच्या मोकळ्या कडेस उरलेले दोन तुकडे त्याच रीतीने जोडावेत. बाहेरचे दोन्ही तुकडे एकमेकांस सुलट बाजूने भिडले पाहिजेत व अस्तराचे दोन्ही तुकडेही तसेच. शिवण्यापूर्वी बाजूंच्या कडा समोरासमोर आहेत की नाहीत, हे पाहावे. चौकडीचे कापड असल्यास चेनच्या दोन्ही अंगांच्या रेघा येथेच जुळवाव्या लागतात. नंतर दाबटीप घालावी.

पायरी पाचवी : चेन उघडणे. पुढे जाण्यापूर्वी चेन निम्म्याहून अधिक उघडावी. ही पायरी विसरल्यास सर्व बाजू शिवल्यावर पाकीट उलटवायला वाट उरत नाही आणि केलेली टीप उसवावी लागते. शिक्षिकांनी ही सूचना फळ्यावर स्वतंत्रपणे लिहून ठेवावी.

पायरी सहावी : भोवतालची शिवण. बाहेरचे दोन तुकडे एका बाजूस व अस्तराचे दोन तुकडे दुसऱ्या बाजूस येतील असे काम पसरावे. मध्ये चेन दुमडेल. तिचे दाते अस्तराच्या दिशेस वळवावेत. अस्तराच्या तळापासून टीप सुरू करून चहूबाजूंनी फिरवावी; मात्र अस्तराच्या तळाशी मध्यभागी ८ सेंमी जागा मोकळी ठेवावी आणि तिच्या दोन्ही टोकांस मागे-पुढे टीप मारून ती पक्की करावी. बाहेरच्या कापडास १ सेंमी माया घ्यावी. अस्तरास चेनपासून थोडे खाली आल्यावर ती हळूहळू वाढवत १.२ सेंमी करावी. त्यामुळे अस्तर किंचित लहान होऊन आत चोळामोळा न होता बसते. चारही कोपरे टिपेपासून २ मिमी सोडून तिरके छाटावेत.

पायरी सातवी : उलटवणे. मोकळ्या जागेतून व उघड्या चेनमधून पाकीट सुलट करावे. कोपरे विणकामाच्या सुईच्या बोथट बाजूने बाहेर काढावेत; कात्रीचे टोक कधीही वापरू नये, त्याने कापड फाटते. मोकळी जागा बारीक तुरपाईने बंद करून अस्तर आत ढकलावे व शेवटची इस्त्री करावी.

तयार पाकिटाची परीक्षा

चेन वीस वेळा उघडून मिटून पाहावी. एकदाही कापड अडकता कामा नये. पाकीट आतून बाहेर उलटून अस्तराची शिवण तपासावी. एक मूठ नाणी घालून हलवावे. तळाची टीप ताणली जात असेल तर ती दुहेरी करावी. दोन्ही वरचे कोपरे एका उंचीचे आहेत की नाहीत, हे टेपने मोजावे. या चारांपैकी एकाही परीक्षेत उतरले नाही, ते पाकीट विक्रीस ठेवू नये. ग्राहक एका पाकिटावरून साऱ्या गटाच्या कामाची पारख करतो.

कापडाचा व श्रमाचा हिशेब

धुतल्यानंतर ९० सेंमी पन्हा व १ मीटर लांबी उरली, तर आडवे ४ व उभे ६ असे २४ तुकडे, म्हणजे १२ पाकिटांचे कापड निघते. उरलेल्या ४ सेंमीच्या पट्टीतून त्या सर्वांच्या टोकांच्या पट्ट्याही निघतात. अस्तराचाही हिशेब हाच. चेन २ मीटर १६ सेंमी लागेल. परंतु पन्हा आटून ८७ सेंमी झाला, तर आडवे तीनच तुकडे बसतात आणि १२ पाकिटांऐवजी नऊच होतात. अशा वेळी उभी नक्षी नसल्यास तुकडे आडवे बेतावेत; त्यायोगे २० तुकडे म्हणजे १० पाकिटे मिळतात. म्हणूनच माप कोऱ्या कापडाचे नव्हे, धुतलेल्या कापडाचे घ्यावयाचे.

किंमत ठरवताना कापड, अस्तर, चेन, रनर, पेस्टिंग व दोरा यांचा खर्च बहुतेक जणी लिहितात. स्वतःचे श्रम मात्र हिशेबात धरत नाहीत. घरकाम आटोपून रात्री शिवलेले पाकीट म्हणजे फुकट झालेले काम नव्हे. पहिले पाकीट शिकण्याचे. त्याचा वेळ सोडून द्यावा. हात बसल्यावर एका पाकिटास लागणारी मिनिटे घड्याळ लावून मोजावीत व त्या वेळेची मजुरी किमतीत मिळवावी. वेळ वाचवायचा तर एकेक पाकीट पुरे न करता आधी सर्व तुकडे कापावेत, मग सर्व चेनांना पट्ट्या लावाव्यात, अशी एकेक पायरी सर्व पाकिटांची एकदम उरकावी. खर्च व मजुरी मिळून येणाऱ्या रकमेपेक्षा कमी भावाने जी विकते, ती आपलेच श्रम दान करते. इतकेच नव्हे, शेजारच्या शिवणारीचाही भाव पाडते.

स्वाध्याय

१. अस्तर व बाहेरचे कापड कापण्यापूर्वी का धुवावे?
२. रनरपाशी टीप तिरकी का होते? उपाय सांगा.
३. दाबटीप नसलेल्या पाकिटात कोणता दोष उद्भवतो?
४. तयार पाकीट १५ सेंमी रुंद हवे असल्यास कापड व चेन किती लांबीची कापावी?
५. स्वतः शिवलेल्या एका पाकिटाचा साहित्यखर्च व श्रमाचा वेळ लिहून त्याची रास्त किंमत काढा.